मानेला प्ले आला

"हात काढ! आधी त्यांच्या मानेवरचा हात काढ!"

आमची ही सलूनच्या दारात उभी राहून ओरडत होती. एका हातात मेथीची जुडी, दुसरा हात हवेत. तो आवाज पार एकलहऱ्याला पोचून तिथल्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर घटकाभर वाट चुकला असणार, खोटं नाही सांगत. खुर्चीत मी होतो. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर फेस. सलूनवाल्याचा एक तळहात माझ्या हनुवटीखाली, दुसरा डोक्याच्या मागे. "सैल सोडा, भाऊ" एवढं त्याचं म्हणून झालं होतं. फक्त झटका उरला होता.

त्याची काही चूक नव्हती. केस कापून झाले की मान मोडून देणं ही त्याची कला. इकडे एक कट, तिकडे एक कट, की अंबडच्या कारखान्यातली अख्खी शिफ्ट मानेतून उतरायची. वीस वर्षं तो माझी मान मोडत आला आणि वीस वर्षं मी त्याला थापा मारत आलो. त्या दिवशी डावा गाल पुढे करायला मला मान वळवता येईना. तो म्हणाला, थांबा, आधी ही मोकळी करू, मग वस्तरा नीट चालेल. मी थांब म्हणालो नाही.

मानेचं खरं असं होतं. मी लेथवर सव्वीस वर्षं काढली, तीही मान खाली घालून. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की मणके झिजलेत, त्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडलेत, मान हलली की एक मणका दुसऱ्यावरून सरकतो आणि मधली मुख्य नस चेपते. मी म्हणालो, साहेब, सरळ सांगा ना, बेअरिंगला प्ले आलाय, ढिलं होऊन खेळतंय. ते हसले. मी पण हसलो. प्ले आलेल्या मशिनचं काय करतात ते मला माहीत होतं. बंद करून ठेवतात.

पुढचं त्यांनी न हसता सांगितलं. प्लेट आणि स्क्रू टाकून मान जखडावी लागेल. तोवर मानेला पट्टा चोवीस तास, आणि झटका अजिबात नको, एका झटक्यात हातपाय जाऊ शकतात. ऑपरेशन उरलंय ते टिकवण्यासाठी, गेलंय ते परत येईल याची हमी नाही.

गेलं होतं बरंच. बोटांवर कायम जाड मोजे चढवल्यासारखं वाटायचं. ज्या बोटांनी मी केसाएवढा फरक नुसता चाचपून सांगायचो, कारखान्यातल्या पोरांना विचारा, त्या बोटांना शर्टाचं बटण सापडेना. चहाचा कप सुटायचा. मान जरा वाकली की पाठीतून पायापर्यंत करंट उतरायचा. आरशासमोर रेझर धरला तर तो हातातच नाचायचा. एरवी केस कापण्यापुरता जायचो, दाढीलाही सलून गाठलं ते त्याचमुळे. घरी सांगितलं, माणसात बसून बरं वाटतं.

आणि पट्ट्याबद्दल माणसांना काय सांगितलं? बिबट्या. आमच्याकडे उसातून कॉलनीत बिबट्या येतोच, त्यामुळे थापेला पाया पक्का. पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो कुत्र्याएवढा होता आणि मानेला नख लागलं होतं. तिसऱ्या दाढीपर्यंत तो टेम्पोएवढा झाला, आणि मी त्याला शेपटीला धरून पाण्याच्या टाकीभोवती गरगर फिरवला, त्यात मान लचकली. सलून हसून हसून आडवं. त्या हसण्यात मी पुन्हा अख्खा माणूस व्हायचो. त्या दिवशी तर पट्टा मीच काढून खुंटीला टांगला होता.

मधे एकदा, हे सांगितलंच पाहिजे, मी खरं बोललो होतो. म्हटलं, मणके सरकतात रे, कधी लुळा पडेन सांगता येत नाही. सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला, "भाऊ, ही थाप काय जमली नाही. बिबट्याचीच सांगा."

तर ही ओरडली. त्याचे हात चटका बसल्यासारखे सुटले. मग तिने दारातूनच, मेथी छातीशी धरून, सगळं सांगितलं. मणके, प्लेट, हातपाय, आणि घरी बटणं ती लावते हेसुद्धा. बाकावरचे दोघं खाली बघायला लागले. सलूनवाला मूळचा सटाण्याकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलतो, पण घाबरला की गावचं तोंडात येतं. मला आरशात बघून म्हणाला, "हाई खरं शे का, भाऊ?"

एखादी थाप सुचेल म्हणून मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा एकही सुचली नाही.

त्याने पट्टा खुंटीवरून काढला आणि तान्ह्या पोराला टोपडं बांधावं तसा मला बांधला. डाव्या गालाला हात लावायला मात्र तयार होईना. भाऊ, माझ्या हातून नको, एवढंच म्हणत राहिला. मी अर्ध्या दाढीने रिक्षात बसलो. ही वाटभर मला धरून होती, आणि प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला हळू म्हणत होती.

घरी तिने मला भिंतीला टेकवून बसवलं. जन्मात कुणाची दाढी न केलेली बाई, माझाच रेझर धुऊन पुढ्यात बसली. पट्ट्याच्या वर राहिलेला गाल दोन बोटांनी ताणला. तिचा हात कापत नव्हता. एवढ्या जवळून मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळे रडलेले होते, केव्हा ते मला कळलं नव्हतं.

म्हटलं, करून टाकू ऑपरेशन, उद्या फोन कर डॉक्टरांना. तिने हूं केलं. रेझर कानाखालून खाली आला.

"पण माझे हात परत येतील ना गं?" मी विचारलं, आणि तिचं तोंड दिसावं म्हणून वळायला गेलो.

ती म्हणाली, "मान हलवू नका."