ब्रेकताई पलटणीत जातात

माझी नणंद लष्करात गेली असं मी सांगते, तेव्हा लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, "घरात काही झालं का?" घरात काहीही झालं नव्हतं. म्हणजे रोज होतं तेवढंच झालं होतं. शिवाय त्या काही पुरत्या लष्करात गेल्या नाहीत. आमच्या गावाबाहेर लष्कराची एक राखीव पलटण आहे. आठवडाभर आपापली नोकरी नाहीतर धंदा करणारी माणसं रविवारी वर्दी चढवून तिथे सैनिक होतात, उन्हाळ्यात पंधरवडाभर छावणीत राहतात आणि युद्ध झालंच तर आपल्याला बोलावतील, या भरवशावर वर्षभर शेजाऱ्यांवर रुबाब करतात.

ताई म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे, गाडी एकच. हे ऑफिसात बसून वाहतुकीचे नियम शिकवतात, मी फोन घेते आणि प्रत्यक्ष गाडीत बसून शिकवतात त्या ताई. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गेली वीसेक वर्षं ताईंचा पाय त्या ब्रेकवर आहे. त्या पायाने किती भिंती, किती सायकली आणि किती म्हातारे वाचवले याची गणती नाही, म्हणून गाव त्यांना ब्रेकताई म्हणतं. त्यांना ते नाव आवडत नाही, पण गावाचं तोंड कोण धरणार.

आता गंमत ऐका. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या या बाईला स्वतःला गाडी चालवायला मिळतच नव्हती. दिवसभर स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात. संध्याकाळचा शेवटचा विद्यार्थी त्यांना दारापर्यंत आणून सोडायचा. घरच्यांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की हे झटकन किल्ली उचलत आणि म्हणत, "ताई, दिवसभर दमलीस, तू आरामात बस." मायेनेच म्हणत, त्यात खोट नाही. मायेने माणसाला किती घट्ट बांधून ठेवता येतं, ते बघायला आमच्याकडे यावं.

तर एकदा जेवता जेवता ताई म्हणाल्या, "पलटणीला ट्रक ड्रायव्हर हवेत. मी नाव दिलंय."

यांचा घास हातातच राहिला. "रविवारी? अगं, आपल्याकडे रविवारीच तर झुंबड असते."

"रविवारी तू शिकव."

शिकाऊ माणसाशेजारी बसायचं म्हटलं की यांना दरदरून घाम फुटतो. ते म्हणाले, "या वयात लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायला जातेस, ताई?"

"भाकऱ्या भाजायला नाही, ट्रक चालवायला जातेय."

भांडी आवरताना त्यांनी मला खरं ते सांगितलं. "मला एकदा स्टिअरिंग माझ्या हातात हवंय गं. शेजारी कोणी नको. दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून कंटाळा आलाय मला." मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

राखीव पलटणीत जायचं कोणाच्या मनात असेल, तर ताईंच्या अनुभवावरून सांगते. लष्कर म्हणजे धावपळ असं आपल्याला वाटतं. लष्कर म्हणजे रांग. तपासणीसाठी रांग, बुटांसाठी रांग, आणि रांग सरळ आहे की नाही हे बघणारा माणूस येईपर्यंत रांगेतच उभं राहायचं. वर्दी दोन मापांत मिळते, मोठी आणि फार मोठी. ताईंच्या वाट्याला फार मोठी आली. पहिल्या कवायतीला "मागे वळ" झालं तेव्हा ताई वळल्या आणि वर्दी जराशाने वळली.

तिथले कॅप्टनसाहेब सोमवार ते शनिवार दातांचे डॉक्टर. त्यांनी ताईंना देशासाठी जीव द्यायची तयारी आहे का असं विचारलं, तीन वर्षांच्या करारावर सही घेतली आणि शेवटी म्हणाले, "ती मागची दाढ मात्र एकदा दाखवून जा." हवालदार आठवडाभर फ्रिज विकतो. दुकानात गेलं की "या वहिनी, बसा, पाणी घ्या", आणि रविवारी तोच माणूस मैदानावर ताईंच्या कानाशी खेकसायचा, "मान वर. खाली काय सांडलंय तुमचं?" ताई म्हणत, दोघांपैकी खरा कुठला ते कळेपर्यंत फ्रिज घ्यायचा नाही.

नाव ट्रकसाठी दिलं म्हणून ट्रक मिळतो असंही नाही. उन्हाळी छावणीच्या शेवटी परीक्षा असते. पास झालात तर ड्रायव्हर, नापास झालात तर वर्षभर गोदामात बसून ब्लँकेटं मोजा. ताईंना ब्लँकेटांची स्वप्नं पडायला लागली.

सरावाला दोघादोघांची जोडी असायची. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी गप्प बसायचं. ताईंच्या जोडीला आला बेकरीवाला. तो आमच्याकडेच शिकलेला, आणि चढावर गाडी बंद पाडण्यात त्याचा हात धरणारा आमच्या स्कूलमध्ये आजवर कोणी झाला नाही. तो चालवायला बसला की ताईंचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पण जित्याची खोड ती.

एका रविवारी तर हवालदार स्वतः चालवत होता. ताई शेजारून म्हणाल्या, "आरसा." त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ताई म्हणाल्या, "आधी आरसा बघा, मग वळा." पलटणीत वरच्या माणसाची चूक दिसली तर मूग गिळून बसायचं असतं, हेही लक्षात ठेवा. त्या दिवशी ताईंनी पलटणीतल्या एकूण एक ट्रकचे आरसे पुसले.

पण त्यांची पाळी आली की रंग वेगळाच. बेकरीवाला मला सांगायचा, "वहिनी, ताई चालवतात तेव्हा मी डुलकी काढतो." दर रविवारी संध्याकाळी ताई घरी यायच्या तेव्हा मानेपासून टाचेपर्यंत दुखत असायचं, आणि त्या गुणगुणत असायच्या. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांना बोलावतात. मी आणि हे दोरीच्या अलीकडे उन्हात उभे राहिलो. सगळ्या ट्रकनी एकामागे एक मैदान ओलांडायचं, मुद्दाम केलेल्या चिखलातून जायचं, अरुंद फाटकातून निघायचं आणि शेवटचा चढ चढून वर रांगेत लागायचं. प्रत्येकजण आपापल्या ट्रकमध्ये एकटा. हवालदाराने भोंग्यावरून एकच नियम पुन्हा पुन्हा बजावला, "काहीही झालं तरी ताफ्यात आपला ट्रक सोडून खाली उतरायचं नाही. उतरला तो नापास."

ताईंच्या पुढे बेकरीवाल्याचा ट्रक होता. ताईंच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. चिखलातून त्यांनी ते ट्रकचं धूड असं काढलं की बघत राहावं. फाटकातून कुठे खरचटलंही नाही. हे आ वासून बघत होते. म्हणाले, "हिला एवढं येतं?"

"अहो, अर्ध्या गावाला शिकवलंय त्यांनी."

"शिकवलंय गं. पण येतं हे माहीत नव्हतं."

मग चढ आला आणि बेकरीवाल्याने ट्रक बंद पाडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद पडला. तिसऱ्यांदा ट्रक हातभर मागे आला. ताईंनी मागे भरपूर अंतर ठेवलं होतं, त्यांना कसलाच धोका नव्हता. त्यांनी फक्त बसून राहायचं होतं. तो अडकला तर तो नापास, त्यांचं काय जात होतं? त्या बसल्याही. काचेतून मला त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसत होते. बेकरीवाल्याचा ट्रक आणखी एकदा आचके देऊन थांबला आणि ताईंचं दार उघडलं.

"नको, ताई," मी म्हटलं. तेवढ्या लांबून त्यांना काय ऐकू जाणार.

त्या उतरल्या, आपल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावला, चढ चढून गेल्या आणि बेकरीवाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या. काय सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळाने तो ट्रक एकदाही न अडखळता वर गेला. मग ताई चालत खाली आल्या, दगड काढला आणि आपला ट्रक नेऊन रांगेत लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, बेकरीवाल्याचा जास्त.

कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला. बेकरीवाला पास, कारण तो काही खाली उतरला नव्हता. ताई नापास. मग साहेब हसले. दात उपटून झाल्यावर हसत असतील तसं.

"पण पलटणीला अशी शिक्षिका शोधून सापडायची नाही," ते म्हणाले. "आजपासून आमच्या ड्रायव्हरांना तुम्ही शिकवायचं. एका ट्रकमध्ये शेजारच्या सीटपाशीही ब्रेक बसवून घेऊ. वर बढती मिळेल ती वेगळीच."

पहिली टाळी आमच्या यांची. हवालदाराने चक्क सलाम ठोकला.

"नको, साहेब," ताई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं त्या लाजतायत. "अहो, हा मान आहे."

"असेल. पण मला त्या सीटवर बसायचं नाही."

"मग गोदामात ब्लँकेटं मोजावी लागतील."

"मोजते. पुढच्या उन्हाळ्यात परत परीक्षा देईन."

"आणि तेव्हाही पुढे कोणी चढावर अडकला तर?"

ताईंनी खरंच विचार केला. "सांगता येत नाही, साहेब."

परत निघताना हे गाडीपर्यंत धुसफुसत होते. एवढा मान चालून आला आणि हिने लाथाडला, गावात सांगायला किती छान झालं असतं, वगैरे वगैरे. गाडीपाशी आल्यावर सवयीने किल्ली काढून स्टिअरिंगच्या बाजूला गेले. ताईंनी हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, उन्हातान्हाची दमलीस..."

"किल्ली दे."

यांनी दिली आणि शेजारच्या सीटवर, म्हणजे रोजच्या ताईंच्या जागेवर, जाऊन बसले. मी मागे. छावणीच्या फाटकाबाहेर एक सायकलवाला आडवा आला. ताईंनी त्याला केव्हाच पाहिलं होतं, गाडीचा वेगही कमी केला होता. तरी यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन उभी राहिली. सायकलवाला निघून गेला. ताईंचा चेहरा मला आरशात दिसत होता. छावणीत नापास झाल्या तेव्हाही तो इतका उतरला नव्हता.

"मागे बस," त्या म्हणाल्या.

"ताई, मी फक्त..."

"मागे बस."

हे निमूट उतरले आणि माझ्या शेजारी येऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले. पुढची सीट रिकामी राहिली. ताईंनी आरसा नीट केला आणि गाडी काढली. बाजार गेला, पूल गेला. पुलापलीकडे हे माझ्या कानाशी पुटपुटले, "पोटातलं पाणी हलत नाही गं."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

यांना ते सांगवेना. यांचे डोळे भरून आले होते, आणि नाक शिंकरायला रुमाल माझाच घेतला.

मग आमच्या घराचं वळण आलं. ताईंनी वळणाकडे पाहिलं, वेग कमी केला नाही आणि गाडी सरळ पुढे नेली. यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी यांच्या पायावर पाय दिला. टाकीत पेट्रोल होतं, आणि ताईंना इतक्यात थांबायचं नव्हतं.