डेन्मार्कचा सहावा विभाग

२००६च्या सप्टेंबरात माझ्याकडे डेन्मार्क आला. त्याआधी माझ्याकडे ओहायो राज्य होतं आणि ते बरं चाललं होतं.

मी तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहत होते आणि वीस मिनिटं ड्राइव्ह करून ऑफिसला जात होते. आमची कंपनी लहान होती. कानाची मशीनं वापरणाऱ्या लोकांच्या याद्या ठेवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. कुणाला कुठलं मशीन दिलंय, त्याच्या बॅटऱ्या कधी पाठवायच्या, हे त्यात असायचं. डेन्मार्कमधला एक ग्राहक मिळाला आणि त्याच सुमाराला त्या देशाने आपले जिल्हे मोडीत काढायचं ठरवलं. त्यांच्याकडे जिल्ह्याला ‘आम्ट’ म्हणत. असे तेरा आम्ट होते. एक जानेवारीपासून ते सगळे रद्द होऊन त्यांच्या जागी पाच मोठे विभाग येणार होते. यादीतल्या प्रत्येक माणसाला जुन्या आम्टातून उचलून नव्या विभागात ठेवणं, हे माझं काम.

रोज सकाळी सात वाजता डेन्मार्कच्या बाईंचा फोन यायचा. ग्राहकाकडच्या याद्या त्या सांभाळत. साठीला आलेल्या होत्या, इंग्रजी सावकाश आणि पूर्ण वाक्यांत बोलत. बरेचसे आम्ट अख्खेच्या अख्खे एका विभागात जात होते. काहींचे मात्र तुकडे होत होते आणि तिथे एकेक पत्ता बघावा लागायचा.

“हा पत्ता दक्षिणेत,” बाई म्हणाल्या. “आणि हा पुढचा मध्य विभागात. तो माझ्या आईचा आहे.”

“त्यांना काय वाटतं?”

“ती म्हणते, मी तर कुठे गेले नाही.”

बाई हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. आईंना मध्य विभागात टाकलं.

नोव्हेंबर संपेपर्यंत सगळे लोक पाच विभागांत बसले. उरला एक गृहस्थ. त्याचा पत्ता क्रिस्तियान्सो नावाच्या बेटावरचा होता. जुन्या यादीत त्याच्यापुढचा आम्टाचा रकाना रिकामा होता. कुणी तरी आळस केला असणार, असं मी बाईंना म्हटलं.

“आळस नाही,” बाई म्हणाल्या. “ते बेट कुठल्याच आम्टात नव्हतं. आता ते कुठल्याच विभागात नाही. नगरपालिकेतही नाही. तिथला कारभार संरक्षण मंत्रालय बघतं.”

“का?”

“पूर्वी तिथे किल्ला होता.”

“आणि आता?”

“आता तिथे शंभरेक लोक आहेत.”

हे मी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर अमेरिकन, स्वभावाने चांगला, पण विभागाचा रकाना सक्तीचा करायची कल्पना त्याची होती. तो रिकामा असला तर नोंद घेतली जात नव्हती आणि नोंद नसली तर बॅटऱ्या जात नव्हत्या.

“प्रत्येक माणूस कुठे तरी राहतोच ना?” तो म्हणाला.

“तो राहतोय. विभागात राहत नाहीये.”

“मग जवळच्या विभागात टाक.”

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते खोटं होईल.” विषय संपला. मग त्यांनी स्वतःच त्या गृहस्थाला फोन केला आणि मला लाइनवर घेतलं. त्याला ऐकू कमी येत असल्यामुळे बाई डॅनिशमध्ये खूप ओरडल्या. तिकडूनही तेवढंच मोठं उत्तर आलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणतात, काय हवं ते लिहा. बोट शेजारच्या मोठ्या बेटावरून, बॉर्नहोमहून येते. वारा असला की येत नाही.”

ही माहिती टाकायला आमच्याकडे रकाना नव्हता.

त्या शनिवारी सकाळी मी गोंदियाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती आणि बाबा अंगणात बसले होते. बाबांचा जन्म कलेक्टर ऑफिसात कारकुनी करण्यात गेला. भंडारा जिल्हा फोडून गोंदिया वेगळा केला, तेव्हा वर्षानुवर्षं भंडाऱ्याला जाऊन-येऊन केलेली नोकरी चालत दहा मिनिटांवर आली होती. जिल्हा या विषयावर त्यांच्याशी बोलता यायचं. मी सगळं सांगितलं.

“पाच विभागांचा देश,” बाबा म्हणाले. “कलेक्टर कुठे बसतो?”

“कलेक्टर नाही बाबा त्यांच्यात.”

ते म्हणाले, “अन् त्या एका माणसासाठी डोकं काहून खपवतेस? आपल्याकडे वनगावं नव्हती का? माणसं राहतात, शेती करतात, मत देतात, पण महसुलाच्या यादीत गाव नाही. जंगल खात्याचं. सायेब लोक म्हणायचे, जवळच्या गावात दाखवा. दाखवलं की पुढे दहा वर्षं निस्तरत बसा.”

“मग तुम्ही काय करायचे?”

“रजिस्टरच्या शेवटी एक वेगळं पान ठेवायचो. वर लिहायचो, ‘कोणत्याही गावात समाविष्ट नाही.’ रकाना रिकामा राहिला नाही अन् खोटंही झालं नाही.”

सोमवारी मी यादीत सहावा पर्याय घातला: ‘कोणत्याही विभागात नाही’. मॅनेजरने तो दोनदा वाचला.

“हा विभाग आहे?”

“नाही. तसंच लिहिलंय.”

“पण रकाना भरला जातो?”

“भरला जातो.”

“ओके,” तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की पार्किंगमध्ये जाऊन मी बाबांना पुन्हा फोन केला. त्यांच्याकडे रात्र झाली होती. झोपेतच “बरं झालं” म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. आईने जेवण झालं का विचारलं.

एक जानेवारीला सगळं सुरू झालं. पाच विभागांत हजारो लोक आणि सहाव्यात एक. मार्चमध्ये ग्राहकाकडच्या कुणा अधिकाऱ्याची मेल आली, की डेन्मार्कमध्ये पाचच विभाग आहेत, तुमच्या यादीत सहा दिसतात, चूक दुरुस्त करावी. मी उत्तर लिहायला बसले तोवर बाईंनी ते देऊनही टाकलं होतं. एकाच ओळीचं: “चूक नाही, तिथे माणूस आहे.” त्यानंतर मेल आली नाही.

उन्हाळ्यात बाईंनी कळवलं, की त्या गृहस्थाला बॅटऱ्या वेळेवर मिळतायत. त्याने खुश होऊन ‘अमेरिकेतल्या मुलीसाठी’ म्हणून बेटावरच्या मसाल्याच्या माशांची बरणी पाठवली होती. ती बाईंच्या ऑफिसात येऊन पडली होती आणि पुढे कशी पाठवावी हे त्या विचारत होत्या.

मी शाकाहारी आहे असं मी लिहिलं. वाईट वाटलं, पण लिहिलं.

दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. त्या बरणी घेऊन आईकडे गेल्या होत्या. मासे फार चांगले होते. आईने विचारलं होतं, ही मुलगी कुठल्या विभागातली?