अनवाणी फोटो

“बूट काढ गो. अनवाणी मार एक. पावन्यांना दिसूंदे, आदिवासी पोर कशी खेळते ती.”

शहापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भर सत्कारात मला हे म्हणाले. तेव्हा मी भारताच्या फुटबॉल संघात खेळायचे. सगळ्यात पुढे. गोल मारणं हे माझं काम. परदेशचा पहिला दौरा करून आले होते, म्हणून हार-नारळ. अध्यक्ष स्वतः चकचकीत काळ्या बुटांत उभे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. फोटोतलं सगळं कळत होतं.

मी काढले बूट. बा मागे मांडवात बसला होता. खुर्च्या रिकाम्या, आणि हा जमिनीवर, चपला मांडीखाली घेऊन. मोठ्यांच्या अंगणातून जायचं तर चपला हातात घ्यायच्या, हे आमच्या वाडीत चालायला लागल्यापासून शिकवतात. बोलायला शिकवत नाहीत. माझे हात आपसूक नाड्यांकडे गेले. त्या हातांचा मला आजही राग येतो.

मैदान कसलं, भात कापलेलं खाचर. धसकटं तशीच. मी धावले, मारला. उजव्या अंगठ्याखाली धसकट आत शिरलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत हसले. रक्त दिसू नये म्हणून फोटोग्राफरने मला डावा पाय पुढे घ्यायला लावला.

चार दिवसांनी संघाचं शिबिर होतं. पाय पिकला. पुढच्या दौऱ्यातून माझं नाव गेलं. परत संघात यायला वर्ष लागलं. तोवर तो फोटो मोठा करून अध्यक्षांच्या ऑफिसात लागला होता. खाली लिहिलेलं, ‘अनवाणी कन्या, संस्थेचं भूषण.’ देशासाठी मारलेला एकही गोल मी अनवाणी मारलेला नाही. पण देणगीदारांना दाखवायला बूटवाली पोर काय कामाची?

पुढे गुडघा गेला, खेळणं संपलं. आता त्याच मैदानात वाडीवरच्या पोरींना शिकवते. तिथली धसकटं आम्हीच उपटली. पोरींचे बूट जुने आहेत, कुणाचे मोठे, पुढे चिंध्या कोंबलेले. पण बूट आहेत.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष आले. केस पिकलेत, अक्कल हिरवीच. सोबत फोटोग्राफर.

“पोरींना बूट काढायला सांग. तुझा जुना फोटो हाय ना, तसाच पायजे.”

मी बोलायच्या आत पुढची पोर खाली वाकली. नाडी सोडायला लागली. ते बघून माझ्या अंगाची आग झाली.

“ऊठ,” मी तिला म्हणाले. “कुणी बूट काढायचे नाय.” मग अध्यक्षांकडे वळले. “तुमी काढा. आणि त्या पलीकडच्या खाचरातून चालत या. मग फोटो काढू.”

ते हसले. कुणीच हसत नाही बघून थांबले. बांधावरून खाली काही उतरले नाहीत. पाय स्वतःचे असले की माणसाला धसकटं बरोबर दिसतात.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. बा आता नाही, पण फोटोत मागे दिसतो, जमिनीवर बसलेला. सोमवारी ऑफिस उघडलं की मी जाणार आहे. बूट घालून, थेट टेबलापर्यंत. मागणार नाही. त्यांच्याच खुर्चीवर बुटांनी चढेन आणि खिळ्यावरून काढून आणेन.