जिरीचा आवाज वाळपईला कसा गेला?

आधीच सांगते — मी डिचोलीच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अंगात येणं, दृष्ट, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अजूनही नाही... म्हणूनच जास्त चीड येते. कारण हे माझ्याच घरात घडलंय, आणि विज्ञानाने ते मला समजावता येत नाही.

आमचं घर सर्वणला. घरात मी, नवरा सुहास, सासूबाई आणि जिरी नावाची मांजर. जिरी म्यांव करताना मध्येच उचकी लागल्यासारखी अडायची. 'म्यां' म्हणायची, थांबायची, मग 'ऊ'. असं ओरडणारी दुसरी मांजर मी आजवर ऐकली नाही. सासूबाई म्हणायच्या, "हिका बोलताना इचार करूक लागता."

एका सोमवारी तिचा आवाज गेला. तोंड उघडायची, पण आतून फक्त हवा. आणि खोकला! मान जमिनीलगत लांब करायची, पोट आत ओढायची आणि फुटकी पिपाणी वाजावी तशी खोकायची. आम्हाला वाटलं उलटी काढतेय. जनावरांच्या डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, स्वरयंत्राला सूज आहे. औषध द्या, गरम पाण्याची वाफ द्या, उदबत्ती आणि फिनेल बंद. मी मुद्दाम विचारलं, "घरात दम्याची म्हातारी आहे, तिला हा खोकला लागेल का?" ते म्हणाले, "नाही हो. हा माणसाला लागत नाही."

हे मी माझ्या दिराला शब्दशः सांगितलं. तो वाळपईला असतो. नवराबायको दोघंही नोकरीला. रविवारी आला, जिरीला खोकताना पाहिलं आणि सुरूच झाला.

"वैनी, हे माजर आधी कोरगावला तुमच्या माहेरी सोडून या. आईला काय झालं तर जबाबदार कोण?"

"डॉक्टर नाही म्हणालेत, भावोजी."

"ते जनावरांचे डॉक्टर. त्यांना माणसांचं काय कळतंय?"

सासूबाईंना कोणी विचारलंच नाही. दोन लुगडी आणि दम्याचा पंप पिशवीत भरून तो त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. सुहास गप्प उभा होता. त्याचाही मला राग आलाय, आणि हे तो वाचणार आहे.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी नेहमीप्रमाणे सासूबाईंना फोन लावला. शाळेतून येऊन जिरीला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी वाफेची बाल्दी, हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर. सुहास कामावर जायला बूट घालत होता. फोन उचलला गेला, पण कोणी बोलेना.

"आई? ऐकताय ना?"

काही नाही. मग फोनमधून आवाज आला — 'म्यां'... अडखळला... 'ऊ'.

सुहासने मान वर केली. मी जिरीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. तिने तोंड मिटलं, फोनमधला आवाज थांबला. पुन्हा उघडलं, पुन्हा आला. असं तीनदा झालं.

सुहास म्हणाला, "चल." एवढंच.

वाटेत साखळीजवळ मी दिराला फोन करून ऐकलं ते सांगितलं. "आई झोपली असेल," तो म्हणाला. "आमच्याकडे माजर नाही, शेजारीही नाही. मोबाईलचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. उगाच डोकं खाऊ नका."

घराला बाहेरून कुलूप होतं! सुहासने दगडाने फोडलं. सासूबाई मागच्या खोलीत जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खाली पडल्या होत्या. शेजारी स्टूल उलटं झालेलं. कंबरेचं हाड मोडलं होतं, दम लागला होता. बटणांचा फोन अंगाखाली दाबला गेला होता, त्यामुळेच उचलला गेला असणार. पंप स्वयंपाकघरात, त्यांच्या हाताबाहेर. मी तो दिल्यावर त्यांना बोलता आलं. मला वाटलं त्या रडतील. त्या रागावल्या होत्या.

"जिरीक कोणी हाडल्यान गे हंय? मगासून वराडता. तिच्या आवाजान जाग येत रवली, नायतर निजानच गेलंय असतंय."

जिरीला कोणीच आणलं नव्हतं, खोलीत मांजर नव्हतं. जनेलाला बारीक जाळी. मी पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, सगळीकडे पाहिलं. समोरच्या बाई म्हणाल्या, या ओळीत सगळ्यांकडे कुत्रे, मांजर फिरकतसुद्धा नाही.

हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, स्टुलावर कशाला चढलात? त्या म्हणाल्या, चार दिवस दोघं कामाला जाताना कुलूप लावून जायची, म्हातारी रस्त्यावर जाईल म्हणून. निदान जनेलातून कोणाला तरी हाक मारावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सासूबाई आता आमच्याकडेच आहेत, वॉकर घेऊन चालतात. जिरीचा आवाज औषधांनी तीनेक आठवड्यांनी आला, जरा घोगरा आहे. सूज उतरली, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला पटतं. फोनमधलं सांगितल्यावर मात्र ते हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दीर हसत नाही. तो नातेवाइकांना सांगत सुटलाय, की आई मांजराला अडखळून पडली! घरात मांजरच नाही म्हणणारा हाच माणूस. परवा एका लग्नात मावससासूबाईंनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, "इतका मांजराचा लळा बरा नव्हे हो." मी ताट ठेवून उठले.

त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नेटवर्क, भास, योगायोग — सगळं लावून पाहिलं. दोघांना एकच भास आणि तिसरीला वाळपईत तोच? जुळत नाही. ते कधीच कळलं नाही तरी मी जगेन. पण माझ्या सासूला चार दिवस कुलपात का ठेवलं, याचंही उत्तर अजून कोणी दिलेलं नाही... आणि ते मी मागत राहणार.