हातखंब्याचा कॉपीवाला

हातखंबा नाक्यावरचा तो मोबाइलवाला फोनला आधी फुंकर मारायचा, मग शहाळं पारखावं तसा कानाशी हलवायचा. वर न बघता म्हणायचा, "होईल हो शेठ, होईल." त्याच्या फुंकरीने समुद्रात बुडालेले फोन उठून बसतात, असं मी अख्ख्या रत्नागिरीला सांगत फिरायचो.

माझ्या फोनमधली जागा संपली, तर त्याने सगळे फोटो बारीक करून दिले. घरी बघतो तर वडिलांचा एकुलता एक हसतानाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. मोठा केला की नुसते चौकोन. वडील जाऊन दोन महिने झालेले. मी तसाच परत धावलो.

"घाबरता काय शेठ? मूळ फोटो हाय माझ्याकडे."

त्याच्या कॉम्प्युटरवर वडील कोलंबी सोलत खदखदून हसत होते. मी त्याचे पाय धरणार, तेवढ्यात शेजारचे फोल्डर दिसले. शाळेतल्या बाई, पोस्टमन, माझी बहीण, माझी बायको. नाक्यावर फोन दिलेल्या प्रत्येकाच्या घरातले फोटो तिथे नावानिशी लावलेले.

"हे सगळं ठेवता तुम्ही?"

"कुणाचं काय हरवायला नको हो. तुमचं पुसू?"

मी पडद्यावरच्या वडिलांकडे बघितलं.

"राहू दे," मी म्हणालो.