पूर्णेपल्याड सोडलेला हवालदार

नातसून रोज दुपारी जेवणं झाली की मला मोबाईलवर या सदरातले अनुभव वाचून दाखवते. बरेचसे ऐकून मी हसते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई... आमच्याही गावात पिंपळ होता, पण त्याच्याखाली पत्ते कुटणारे रिकामटेकडे सोडून कोणाला कधी काही दिसलं नाही. माझे वडील चिखलीच्या बाजारात मापारी होते, धान्य मोजायचे. ते म्हणायचे, डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा दोनदा तोलून घ्यावं. मी त्यांचीच मुलगी. आयुष्यात नवस बोलले नाही, अंगारा लावला नाही, आणि ऐंशी ओलांडल्यावर आता काही नव्यानं सुरू करायचा विचार नाही. तरी हे सांगते आहे. हेही मी दोनदा काय, शंभरदा तोलून पाहिलं आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचे हे वडनेर भोलजीला शाळेत मास्तर होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. मागच्या भिंतीला लागून पिठाची चक्की, इंजिनवर चालणारी. दिवसभर पुक-पुक-पुक — आणि ती सुरू झाली की आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. समोर अंगण, अंगणाच्या कडेला कडुनिंब, आणि निंबापलीकडे सरूबाईचं घर. आमच्या पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर, आढ्याला माझ्या दिनूची झोळी बांधलेली. जागा एवढी नीट सांगते आहे, कारण पुढं याचाच मेळ बसत नाही.

सरूबाई विधवा, मूलबाळ नाही. शेताचा एक तुकडा, आणि मदतीला धाकटा दीर सखाराम, तो बैलगाडी हाकायचा. आणि तिचं एक काळं कुत्रं, डावा कान फाटलेला. गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते हटकायचं म्हणून लोकांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. सरूबाई जेवायला बसली की पहिला तुकडा त्याला टाकायची, मग आपण खायची.

माझं बाळंतपण माहेरी, चिखलीला झालं. दिनू तिथं इतका झोपायचा की आईला त्याचं कोण कौतुक. बारशाला आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, चांगलं जोरात कुर्र केलं, तर हा पठ्ठ्या जांभई देऊन पुन्हा झोपला. सगळ्या बाया हसल्या. शहाणं बाळ आहे म्हणाल्या. मीही हसले.

दसऱ्याच्या सुमाराला तीन महिन्यांच्या दिनूला घेऊन मी वडनेरला आले. त्या दिवसापासून हवालदारानं गल्लीतली ड्यूटी सोडली. निंबाखाली येऊन बसायचा, आमच्या दाराकडे तोंड करून, आणि झोळीकडे बघून भुंकायचा. रागानं नाही. तीन-चार वेळा भुंकायचा, थांबायचा, मान तिरकी करून वाट बघितल्यासारखा बघायचा. मग पुन्हा.

आणि दिनू उठायचा. पहिल्या भुंकण्याला दोन्ही हात हवेत, डोळे सताड उघडे, आणि मग रडणं. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा. मी त्याला झोळीत घालून झोका द्यायची, डोळा लागला की पीठ मळायला घ्यायची, अन् हात पिठात गेले की भों... मी दगड मारले, पाणी फेकलं. कोणी सांगितलं खायला घाला, गप बसेल. घातलं. तो भाकरी खाऊन, तोंड चाटून, मन लावून भुंकला.

वऱ्हाडात कापसाला काय तोटा! नवा कापूस घरोघर येत होता. मी त्याचे मऊ बोळे करून दिनूच्या कानांत घातले, वरून कानटोपी बांधली. काही उपयोग नाही. हवालदार भुंकला की याचे हात हवेत. मी आपली समजले, पोराचे कान फार तिखट आहेत. त्याच वेळी मागं चक्की धडधडत असायची आणि तिच्या आवाजात तो खुशाल झोपायचा. मला वाटायचं, सवय झाली असेल.

सासूबाई म्हणाल्या, कुत्र्याला पोराच्या मागं काहीतरी दिसतं. मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी त्यांच्यावर चिडले. मी सगळ्यांवरच चिडत होते तेव्हा. तीन महिने मी सलग दोन तास झोपले नव्हते. दूध आटायला लागलं होतं. दिनूच्या मांड्या वाळल्यासारख्या झाल्या होत्या, आणि हे शाळेतून आले की मी त्यांच्या मांडीवर पोर टाकून न्हाणीघरात जाऊन रडायची. अशानं पोर हाती लागणार नाही, ही एकच भीती माझ्या पोटात बसली होती.

शेवटी सरूबाईनं स्वतःच उपाय काढला. आठ दिवस त्याला शेतात बांधते म्हणाली. शेत गावापासून कोसभर. तिथून हत्ती ओरडला तरी गावात ऐकू येणार नाही. पण दिनूचं दचकणं थांबलं नाही. एका दुपारी तर तो जो रडायला लागला तो तासभर थांबेना, आणि गंमत म्हणजे मध्येच हसायचा, पाय झाडायचा, पुन्हा रडायचा. सासूबाई म्हणाल्या, सटवाई हसवते आहे. संध्याकाळी सरूबाई शेतातून आली ती सांगत आली, दुपारी हरभऱ्यात वानरं शिरली होती, हवालदारानं भुंकून भुंकून घसा बसवून घेतला. मी ऐकलं आणि भाकरी थापत राहिले. तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

संक्रांत झाल्यावर मी सरूबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी तिच्यापुढं पदर पसरला. ती कितीतरी वेळ हवालदाराच्या फाटक्या कानाशी चाळा करत बसली.

"लेकरापरीस कुत्रं मोठं नाही, मास्तरीनबाई," ती म्हणाली. "न्या. पन कुठं सोडलं ते मले सांगू नका. मी आनाले जाईन."

सखाराम जळगाव जामोदकडे बांबू आणायला गाडी घेऊन जाणारच होता. आमच्याकडे रीत अशी की कुत्रं घालवायचं तर पोत्यात घालून न्यायचं, म्हणजे त्याला वाट दिसत नाही. आणि सोडायचं नदीपल्याड. सखारामनं मला समजावून सांगितलं, "नदी आडवी आली का वास तुटते वहिनी. पूर्नेपल्याड सोडलं का वापस येत नाही." सकाळी न्याहारीनंतर गाडी निघाली. सरूबाईनं पोत्यात अर्धी भाकरी टाकली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवशी दिनू गाडी निघाल्यापासून रडत होता. घेतलं तरी रडे, पाजलं तरी रडे. दिवस कलला, आणि तो एकदम थांबला. कोणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तसा. दाराकडे बघत राहिला थोडा वेळ, मग झोपला. सखाराम तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा म्हणाला, दिवस कलताना नदी ओलांडली आणि पोत्याचं तोंड सोडलं.

मीही झोपले. हे लिहायलाच पाहिजे. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत झोपले, आणि उठल्यावर देवासमोर साखर ठेवली. नवस न बोलणारी मी.

दिनू त्यानंतर कधी दचकला नाही. मांड्या भरल्या, गाल वर आले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, किती गरीब लेकरू, कुठं ठेवलं तिथं बसून राहतं. कोणी एखादी म्हणाली की हाक मारली तर बघत नाही, तर मी फटकारून सांगायची, "त्याचे कान तुमच्यापेक्षा तिखट आहेत, कुत्र्याच्या भुंकण्याला उठायचा तो." हीच माझी चूक. त्या कुत्र्याचा दाखला देत देत मी एक वर्ष घालवलं.

मग एक दिवस परात माझ्या हातातून निसटली. पितळेची मोठी परात, शहाबादी फरशीवर, दिनूच्या पाठीमागे दीड हातावर. निंबावरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या. सासूबाई आतून धावत आल्या. दिनू तुरीच्या शेंगा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होता. टाकत राहिला.

अकोल्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घंटी वाजवली, लाकडी ठोकळे आपटले, कानामागं झंकारणारा लोखंडी काटा धरला. म्हणाले, याला जन्मापासून ऐकू येत नाही, अजिबात नाही. मी म्हटलं, कुत्रं भुंकलं की उठायचा हो. ते म्हणाले, आईला तसं वाटतं. जमीन हादरली असेल. मी विचारलं, "मग चक्कीनं डबे थरथरायचे, तेव्हा का नाही उठला?" त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. पुढं नागपूरला दाखवलं. तेच उत्तर.

घरी आल्यावर मला एकेक आठवायला लागलं. कानातलं कुर्र, कापसाचे बोळे, हरभऱ्यातली वानरं, दिवस कलताना थांबलेलं रडणं. मी सरूबाईकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पायात वहाणा घातल्या.

मी, हे आणि सरूबाई एसटीनं नदीपलीकडे गेलो. सखारामनं सांगितलेल्या जागेपासून गावोगाव चाललो. सरूबाई प्रत्येक गावाच्या वेशीवर उभी राहून "हवालदार... ए हवालदार..." अशी हाक मारायची. लोकांना वाटायचं, बाई पोलीस शोधते आहे, काय चोरीला गेलं म्हणून विचारायचे. दोन दिवस फिरलो. काळी कुत्री पुष्कळ दिसली. फाटक्या कानाचं एकही नाही. परत येताना सरूबाई मला एक शब्दही लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दिनूला सहाव्या वर्षी नागपूरला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं. हुशार निघाला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. नऊ वर्षांचा असताना त्याचं एक पोस्टकार्ड आलं. ते अजून माझ्या पेटीत आहे. मजकूर एवढाच —

"आई, बाई म्हणतात आवाज काय असतो ते तुम्हा मुलांना माहीत नाही. मला माहीत आहे. आपल्या घरी होता. मग बंद झाला. तो कुठे गेला?"

आम्ही त्याला हवालदाराबद्दल कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? तेव्हा आमच्या खाणाखुणा जेव, झोप, ये, जा एवढ्याच. आणि कुत्रं गेलं तेव्हा तो जेमतेम सात महिन्यांचा होता. त्या वयातलं कोणाला आठवतं?

पोस्टकार्ड मी सरूबाईला वाचून दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"लिहा त्याले," ती म्हणाली. "नदीपल्याड हाय म्हना."

मी लिहिलं, अभ्यास कर, अंगावर पुरेसं पांघरूण घे, दिवाळीला आणायला येतो. त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दिनू आता साठीच्या पुढं आहे. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याचा संसार चांगला झाला, ही नातसून त्याचीच सून. गल्लीत रोज कुत्री भुंकतात, हा पेपरातून मान वर करत नाही. कान तपासायची नवी यंत्रं आली तेव्हा नातवानं तीही तपासणी करून घेतली. कागदावर सरळ रेघ. मुंबईत शिकलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी थोडं ऐकू येत असेल, मग गेलं असेल. असेल. पण चक्की नाही, परात नाही, माझी अंगाई नाही आणि कोसभरावरून एकच कुत्रं, हे कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला येत असेल तर जरूर लिहा.

हे सदर दिनूही वाचतो, रोज सकाळी, चहाबरोबर. म्हणून नातसुनेला सांगून हे लिहवून घेतलं. दिनू, तुझं पोस्टकार्ड मिळालं होतं. आवाज तुझ्याशी बोलायला यायचा. मला झोप येत होती, म्हणून मी त्याला पोत्यात घालून नदीपल्याड पाठवला.