जपून ठेवलेली चप्पल

आमची नात पुण्याला एम.टेक. करते, बायोमेडिकलमध्ये. आमच्या अवसरी गावात हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे माझीच परीक्षा असते. शेजारीण विचारते, "म्हंजी डॉक्टरीण व्हणार का इंजिनेर?" मी म्हणते, "बाई, डॉक्टर ज्या मशीनवर बघतात ना, ती मशीन बनवणार." तर म्हणते, "मंग आमचा मिक्सर दावू का तिला?" घ्या! आता काय बोलायचं?

तर शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्टला विषय घेतला पायांचा. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, काही टोचलं तरी कळत नाही. जखम आतल्या आत वाढते आणि मग पाय कापायची पाळी येते. आमच्या ह्यांना साखर आहे, बरीच वर्षं झाली. ती त्यांना आबा म्हणते. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून शेतात जायची, म्हणजे विषय काही उगाच घेतला नव्हता पोरीनं.

तिनं एक चप्पल तयार केली. तळाच्या आत पातळ सेन्सर, वर काडेपेटीएवढी डबी. पायाच्या कुठल्या जागी किती दाब पडतो ते तिला तिकडं कॉम्प्युटरवर दिसणार. एकाच जागी फार दाब यायला लागला, की जखम व्हायच्या आधीच कळणार.

"आबा, रोज घालायची बरं का," ती म्हणाली.

"घालतो की. माझ्या नातीनं बनवलीया!"

आणि घातली हो. बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला जाताना घातली, लग्नाला घातली, शिनोलीला पाहुण्यांकडं गेले तेव्हा घातली. ज्याला त्याला दाखवली. पण घरी आलं की फडक्यानं पुसायची, पिशवीत घालायची आणि कपाटावर ठेवून द्यायची. आमच्याकडं नवी साडीसुद्धा आधी कपाटात जाते, अंगावर मग कधीतरी. ही तर पोरीच्या हातची वस्तू. ती घालून कुणी कांद्याला पाण्याची दारं धरायला चिखलात उतरतं का? तिथं आपले अनवाणी पाय.

नातीचा फोन यायचा. "आबा, रीडिंग एकदम छान आहेत तुमचे. आमचे सर पण खूश आहेत. पण तुम्ही आता फार चालत नाही वाटतं?"

"वय झालं आता, बाई," हे हसून म्हणायचे. दिवसभर रानात असलेला माणूस!

एके दिवशी फरशीवर लाल ठसे दिसले. मला वाटलं, कुणी बीट चिरताना सांडलं. पुसत पुसत गेले तर ठसे ह्यांच्या खाटेपाशी थांबले. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पायातून तारेचा तुकडा काढला. कधीचा होता कुणास ठाऊक. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. पाय राहील का, विचारलं तर म्हणाले, आत्ताच सांगता येत नाही.

नात पुण्याहून तशीच निघून आली. दवाखान्यात खाटेपाशी उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "आबा, चप्पल?"

"हाय की. कपाटावर पिशवीत हाय. एक डाग पडू दिला न्हाई."

पोर रडली, पण आवाज नाही केला.

मग मला म्हणाली, "आजी, मी हा प्रोजेक्ट सोडते. सगळे आकडे बाजाराच्या रस्त्यावरचे निघाले. सर म्हणतात, दुसरा विषय घे, वेळ आहे अजून."

आम्हाला वाटलं होतं तशी ह्यांना झोप लागलेली नव्हती. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "मंग माझं बोट वायाच गेलं म्हणायचं."

तिनं डोळे पुसले, स्टूल ओढलं. "बरं, मग सांगा. दिवसभरात पायात काही नसतं, असं कुठं कुठं?"

हे सांगत गेले. घरात नसतं, गोठ्यात नसतं, बांधाच्या आत नसतं, विहारात नसतं, दुसऱ्याच्या ओसरीवर नसतं.

"म्हणजे रस्ता सोडला तर कुठंच नाही की!"

"मंग? आपल्याच रानात चप्पल कशाला लागती, पोरी?"

तिनं विषय सोडला नाही. सरांना सगळं सांगितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. आता काय बनवायचं ते तिचं तिलाही अजून पुरतं ठरलेलं नाही. पायाची जखम भरत आली आहे. डॉक्टर मात्र अजून मान डोलवत नाहीत. मला नातीनं सांगून ठेवलंय, "मशीन होईल तेव्हा होईल. तोवर आजी, रोज तू बघायचं."

म्हणून उजेड आहे तोवर आम्ही ओट्यावर बसतो. मी त्यांचे पाय मांडीवर घेते. हे लाजतात. "आगं सोड, लोकं बघत्यात." बघू देत. सगळा जन्म ह्या माणसाबरोबर काढला, पण त्याचे तळवे मी कधी पाहिले नव्हते. केवढ्या भेगा! वाळलेल्या तळ्यासारख्या.

काल डाव्या टाचेला लाल दिसलं. बोटानं दाबलं.

"दुखतंय का?"

"न्हाई."

त्या न्हाईचीच मला भीती वाटते. तिथंच बसून मी नातीला फोन लावला.